गोदाकाठाच्या पूरसूचना सेवेसाठी साहाय्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

नाशिकजवळच्या गंगापूर धरणातून सोडलेले पाणी गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागेल की छातीला, याचा अंदाज आपल्या मंडळाचे ज्येष्ठ कार्यकर्ते वर्षानुवर्षे बांधत आले आहेत, आणि सराफ बाजार, भांडी बाजार व कापड बाजारातील अनेक दुकानदारांनी त्यांच्या एका फोनवर रात्री-अपरात्री माल वरच्या मजल्यावर हलवला आहे. १९ सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर आपल्या तत्कालीन अध्यक्षांनी यासाठी स्वतंत्र वही घातली. धरणातून सोडलेल्या किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्गाला कोणत्या दुकानाची पायरी भिजली, धरणाचे दरवाजे बंद असतानाही केवळ शहरातील पावसाने सरस्वती नाला भरून दहीपुलाकडे पाणी कसे चढले, हे सारे त्यांनी स्वहस्ते नोंदवले. आज अशा सात वह्या आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरात घरात पाणी शिरत असताना ज्या भगिनीने स्वतःच्या सामानाआधी या वह्या माळ्यावर नेल्या, त्यांचे ऋण मंडळ विसरणार नाही. पहिला संगणक देणाऱ्या भांडी बाजारातील व्यापाऱ्यांनी आपले नाव छापू नये असे बजावले आहे, तरी काठावरच्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

हे ज्ञान चार-पाच माणसांच्या स्मरणात आणि फोनवर अडकून राहणे आता परवडणारे नाही. वह्यांतील नोंदी युनिकोड (कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या) देवनागरीत टंकित करून संकेतस्थळावर सर्वांना विनामूल्य खुल्या करावयाच्या आहेत. (सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे तंत्र जगाला मोफत दिले, आपल्या वह्यांवर कुलूप लावण्याचा अधिकार आपल्याला कसा असेल?) त्यासोबत एक प्रणाली उभारली जाईल. विसर्गाचा जाहीर आकडा ती दर पंधरा मिनिटांनी तपासेल, बदल होताच वहीतील जुळणारी नोंद शोधेल आणि नेमक्या त्याच गल्लीतील नोंदणीकृत क्रमांकांवर संदेश पाठवील. पुष्कळदा हा आकडा पत्रकाच्या छायाचित्रातून येतो, तो यंत्राला खात्रीने वाचता येत नाही, म्हणून अशा वेळी कार्यकर्ता तो हाताने भरेल. प्रत्येक संदेशावर दिनांक, वेळ आणि माहितीचा उगम असेल, कारण मागच्या पुराचे जुने निरोप पुन्हा फिरून उडालेली घबराट आपण सर्वांनी अनुभवली आहे.

गतवर्षी याच कामासाठी केलेल्या आवाहनाला अवघ्या नऊ जणांनी प्रतिसाद दिला, याची खंत लिहिल्यावाचून राहवत नाही. पाणी चढू लागल्यावर मात्र “निरोप का आला नाही?” असे विचारणारे फोन रात्रभर येत होते.

एकूण गरज ६५,००० रुपये (सर्व्हर व संदेशशुल्क ४०,०००, जुना संगणक बदलण्यासाठी २५,०००), पैकी जमा ११,५००. देणगी रोख वा मंडळाच्या नावे धनादेशाने, कार्यालयात सायंकाळी ६ ते ८, सोमवार बंद, पावती अवश्य घ्यावी. मराठी टंकलेखन येणारे सहा स्वयंसेवकही हवे आहेत. मुदत ३१ मे. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर चाचणीला सवड उरणार नाही.

आपला नम्र,
सचिव