बीव्हरचा एकच आकडा कसा देणार?

संपादक महोदय,

झाडे तोडून ओढ्यांवर बांध घालणाऱ्या आणि त्यामुळे तळी तयार करणाऱ्या उत्तर अमेरिकेतील बीव्हर या कुरतडणाऱ्या प्राण्यावरचा आपल्या विज्ञान पुरवणीतील लेख वाचनीय होता. मात्र त्यात या प्राण्याची आजची संख्या शिरगणती झाल्याच्या थाटात एकाच आकड्यात दिली आहे, ते खटकले.

बीव्हर निशाचर, आणि त्याचा बराचसा वेळ पाण्यात किंवा घरात जातो. त्यामुळे थंड प्रदेशांत संशोधक त्याच्या अन्नसाठ्यांची मोजणी करतात. हिवाळ्यापूर्वी प्रत्येक कुटुंब विलो, अ‍ॅस्पेन अशा झाडांच्या फांद्या तोडून घरालगतच्या पाण्यात त्यांचा ढीग रचते आणि तळे गोठल्यावर बर्फाखालून पोहत जाऊन त्यांचीच साल खाते. पानगळीनंतर आणि पाणी गोठण्याआधी जे थोडे दिवस मिळतात, तेवढ्यात लहान विमानातून हे ढीग मोजून त्या संख्येला कुटुंबातील सरासरी सदस्यसंख्येने गुणले जाते. खरी गोम या गुणकात आहे. कुटुंबात जोडपे, यंदाची पिल्ले आणि गेल्या वर्षीची पिल्ले असतात. ती साधारण दोन वर्षांची झाली की घर सोडतात. एखादा एकटा बीव्हरही साठा करतो, तर दक्षिणेकडील उबदार भागांत साठ्याची गरजच पडत नाही. नर-मादीही बाहेरून ओळखू येत नाहीत. त्यासाठी शेपटीजवळच्या ग्रंथीतील स्रावाचा रंग पाहावा लागतो (हे काम कोणाच्या वाट्याला येते, देव जाणे).

म्हणूनच आजच्या संख्येचे अंदाज ६० लाखांपासून दीड कोटीपर्यंत जातात, आणि युरोपीय लोक येण्यापूर्वीच्या संख्येचा अंदाज तर ६ ते ४० कोटी इतका सैल आहे. फरच्या व्यापाराने विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्राणी नामशेष होण्याच्या बेतात आला होता, याबद्दल मात्र दुमत नाही.

माझ्या मते खंडभराच्या बेरजेपेक्षा एकाच जागेच्या दीर्घ नोंदी अधिक विश्वासार्ह ठरतात. कॅनडातील आल्बर्टा प्रांतातील एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यानाच्या ५४ वर्षांच्या नोंदी तपासून ग्लिनिस हूड आणि सुझान बेली या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, की तेथील उघड्या पाण्याच्या क्षेत्रातील ८० टक्क्यांहून अधिक चढउतारांचा उलगडा बीव्हरच्या वसाहतींवरून होतो. पाऊस आणि तापमान यांचा वाटा त्या मानाने अल्प आहे. २००२ सालच्या तीव्र दुष्काळातही तेथे, बीव्हर नसलेल्या १९५० सालापेक्षा सुमारे ६० टक्के अधिक पाणी होते.

यापुढे अशा लेखांत आकड्याबरोबर त्याची किमान-कमाल मर्यादा आणि मोजणीची पद्धत एखाद्या वाक्यात द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक