पहिल्या कथासंग्रहाला संपादक हवा

प्रति,
मा. संपादक

विषय : नवोदितांचे कथासंग्रह आणि त्यांचे संपादन

महोदय,

आपल्या पुरवणीतील नव्या पुस्तकांची ओळख करून देणारे सदर मी नियमित वाचते. त्यात नवोदितांच्या कथासंग्रहांना आवर्जून जागा मिळते, याबद्दल आपले मनापासून आभार. मात्र अशा संग्रहांविषयी लिहिताना छापण्यापूर्वी या कथांचे संपादन कोणी केले होते का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. माझा स्वतःचा पहिला संग्रह संपादनावाचून बाहेर पडला आणि त्याची किंमत कथांना मोजावी लागली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सहा वर्षांत लिहिलेल्या चौदा कथा माझ्याकडे होत्या, त्यांपैकी पाच नियतकालिकांतून आलेल्या. संग्रहाची संहिता घेऊन मी काही ठिकाणी गेले. कुठून ती 'साभार परत' आली, कुठून उत्तरच आले नाही. शेवटी निर्मितीखर्च मी उचलावा या अटीवर एका प्रकाशन संस्थेने होकार दिला. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक, सारे ठरल्या दिवशी पार पडले. एकाही वाक्यापुढे कोणी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले नाही. संहितेला कोणी हात लावला नाही, याचा अर्थ ती निर्दोष आहे असा मी लावला. ती कोणी वाचलीच नव्हती, हे पुस्तक हातात आल्यावर कळले.

संग्रहातल्या सर्वांत दीर्घ कथेच्या नायिकेचे नाव मी शेवटच्या खर्ड्यात 'रमा' बदलून 'उमा' केले होते आणि हा बदल एकेका जागी स्वतः न करता संगणकाला एकगठ्ठा करायला सांगितला होता. संगणकाने 'घरमालक' या शब्दात दडलेली 'रमा'ही बदलली. ज्या वाक्यावर ती कथा उभी आहे, त्या वाक्यात दार ठोठावणारा माणूस 'घउमालक' म्हणून छापला गेला, आणि दोन पाने पुढे 'परमार्थ'चा 'पउमार्थ' झाला. चूक माझी होती, छपाईपूर्वीची मुद्रिते मीही तपासली होती. पण स्वतःचा मजकूर वाचताना छापलेली अक्षरे नजरेला पडत नाहीत, मनात असलेले वाक्यच दिसत राहते. म्हणून तर मुद्रितशोधन हे दुसऱ्या डोळ्यांचे काम मानले जाते. उरलेल्या प्रतींत मी शुद्धिपत्राची चिठ्ठी स्वतः चिकटवली. ज्या प्रती आधीच वाचकांच्या घरी गेल्या होत्या, त्यांतली कथा त्या वाक्यावर अडखळतच राहणार.

तरीही छपाईच्या चुका हा या दुखण्याचा लहान भाग आहे. संग्रह सलग वाचून काढलेल्या एका जाणत्या वाचक स्नेह्यांनी मला हळुवारपणे विचारले, की तुमच्या इतक्या कथा खिडकीपाशी का संपतात? मी पुस्तक उघडून मोजले. चौदांपैकी सहा कथांच्या शेवटी कोणी ना कोणी खिडकीतून बाहेर पाहत उभे होते. या कथा मी कित्येक महिन्यांच्या अंतराने लिहिल्या होत्या आणि प्रत्येक वेळी तो शेवट मला त्या कथेतूनच उगवलेला वाटला होता. नियतकालिकात सुटी वाचताना तो तसा वाटतोही. पण एकाच पुस्तकात चौथ्यांदा भेटला की त्याची लकब होते, आणि मग पहिल्या तीन कथांवरचाही विश्वास डळमळतो.

कथा लिहिणे आणि कथासंग्रह रचणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मला तेव्हा उमगले. एका बैठकीत वाचून होईल आणि एकच परिणाम साधेल अशी रचना, हा लघुकथेचा विशेष अमेरिकन कथाकार एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४२ मध्येच सांगून ठेवला आहे. पण संग्रह वाचणाऱ्याला अशा अनेक रचना एकापाठोपाठ पेलायच्या असतात. कादंबरीत शिरलेला वाचक एकदा आत गेला की आत राहतो. संग्रहाच्या वाचकाला दर दहा-पंधरा पानांनी नवी माणसे, नवे घर, नवा निवेदक स्वीकारावा लागतो. म्हणून कोणती कथा दाराशी ठेवायची, प्रथमपुरुषी निवेदनाच्या दोन कथा शेजारी आल्या तर दुसरीचा आवाज पहिलीत कसा विरघळतो, कोणती कथा चांगली असूनही या पुस्तकात परकी आहे, हे सारे कोणीतरी बाहेरून पाहावे लागते. हे पाहणारा माणूस म्हणजे संपादक. पुढे त्या स्नेह्यांबरोबर बसून मी सगळ्या कथा मोठ्याने वाचल्या, चौदांतून नऊ ठेवल्या आणि सहा शेवटांपैकी एकच खिडकी राखली. हे काम छपाईच्या आधी व्हायला हवे होते.

थांबण्याचा मी गौरव करत नाही. आयरिश लेखक जेम्स जॉइस यांनी 'डब्लिनर्स' हा कथासंग्रह बारा कथांनिशी १९०५ मध्ये प्रकाशकाकडे धाडला आणि तो पंधरा कथांनिशी १९१४ मध्ये निघाला. मधली वर्षे मुद्रक-प्रकाशकांच्या आक्षेपांत गेली आणि तो छळच होता. तरी त्यातली अखेरची, सर्वांत दीर्घ कथा या रखडलेल्या काळातच, १९०७ मध्ये लिहिली गेली, हेही विसरता येत नाही. आता मागणीनुसार थोड्या प्रती छापण्याची सोय झाली आहे आणि हस्तलिखितापासून पुस्तकापर्यंतचे अंतर काही आठवड्यांवर आले आहे. ही सोय मोलाचीच आहे, नाकारली गेलेली कितीतरी चांगली पुस्तके तिच्यामुळे वाचकांपर्यंत पोहोचतात. परंतु त्या अंतरात पूर्वी जो वाचणारा माणूस उभा असे, तो अनेक ठिकाणी उरलेला नाही, आणि नव्या लेखकाला त्याची उणीव जाणवतही नाही, कारण तो भेटलेलाच नसतो.

आयएसबीएनचा उल्लेख लेखकाच्या खर्चाने पुस्तके काढणाऱ्या संस्थांच्या पत्रकांत एखाद्या मानचिन्हासारखा असतो. २००७ पासून तेरा अंकी झालेला हा क्रमांक पुस्तकाची विशिष्ट आवृत्ती ओळखण्यासाठी असतो. त्याने दर्जा सिद्ध होत नाही आणि स्वामित्वहक्कही मिळत नाही. तो हक्क लेखकांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या तत्त्वानुसार, कोणत्याही नोंदणीची अट न घालता, लिहिणाऱ्याकडे आपोआप येतो, आणि म्हणूनच तो सहीच्या एका फटकाऱ्याने देऊन टाकू नये. कोणत्या स्वरूपासाठी, कोणत्या भाषेसाठी, किती वर्षांसाठी आणि पुस्तक अनुपलब्ध झाल्यावर हक्क केव्हा परत येणार, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. माझ्या करारात 'सर्व स्वरूपांतील सर्व हक्क' एवढेच शब्द होते आणि ते मी न विचारता मान्य केले. सही करण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा : माझी संहिता कोण वाचणार आहे आणि त्यांच्या खुणा मला कधी पाहायला मिळतील?

आपल्याकडे माझी दोन मागण्यांची विनंती आहे. पुस्तकाच्या श्रेयपृष्ठावर मुखपृष्ठकाराप्रमाणे संपादकाचेही नाव छापले जावे, असा आग्रह आपल्या सदरातून धरला जावा आणि परिचयात पृष्ठसंख्येशेजारी ते नाव द्यावे. नसेल, तर 'संपादकाचा उल्लेख नाही' असे लिहावे. दुसरे असे, की पहिल्या संग्रहाचे 'स्वागतार्ह' एवढ्यावर भागवू नये. तीन कथा का जमल्या आणि दोन का फसल्या, हे परीक्षकाने नेमकेपणाने सांगावे. मला माझ्या खिडक्या एका वाचकाने दाखवल्या. ते पुस्तकाची दोन परीक्षणे येऊन गेल्यानंतर घडले, आणि त्या दोन्हींत संग्रहाला केवळ शुभेच्छा होत्या.

आपली विश्वासू,
एक नवोदित कथालेखिका