दहावी कॅसेट

रामबाग, इंदूर
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुझे दोन फोन आले, एक लांबलचक मेल आली आणि मी एकाचेही धड उत्तर दिले नाही; त्याबद्दल आधी रागावून घे आणि मग पुढे वाच. माझी साखर मध्यंतरी वाढली होती, ती आता आटोक्यात आहे, सुनीता बरी आहे, आणि या विषयावर याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. फोन न करता कागद घेऊन बसलो आहे, कारण फोनवर तू मध्येच हसतोस आणि मग जे सांगायचे असते ते माझ्या घशातच राहते.

तर तू बरोबर होतास. दहावी कॅसेट वेगळ्याच गोष्टीची होती.

आपल्याला त्या कॅसेटी अमेरिकेतून पाठवणारा नलूआत्याचा विनय जुलैच्या शेवटी आला होता. आता डोक्यावर केस नाहीत, पण हसणे तेच आहे. एका रात्री जेवणे झाल्यावर त्याने टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि ‘रोबोटेक’ या आपल्या त्या कार्टून मालिकेचा पुढचा चित्रपट लावला. ‘द शॅडो क्रॉनिकल्स’ असे त्याचे नाव, २००६ मधला. असा चित्रपट निघाला आहे हे मला कित्येक वर्षे ठाऊक होते आणि मी तो मुद्दाम पाहिला नव्हता. का, ते तुला सांगायला नको.

चित्रपट सुरू होण्याआधी मी विनयला सहज विचारले की १९८८ साली तू अकराच कॅसेटी का पाठवल्यास. तो म्हणाला, पाठवायच्या सगळ्याच होत्या, पण मधल्या दहा-अकरा कॅसेटींवर आईने मालूताईचे लग्न, तिच्या मुलाचे बारसे आणि टीव्हीवरचे केकचे प्रकार उतरवून घेतले. श्रीकांत, हिशेब करून पाहा. एका कॅसेटीत चार भाग बसत. मालिका ८५ भागांची. आपल्याकडे पहिले ३६ आणि शेवटचे ८ आले, म्हणजे मधले ४१ भाग केकच्या पिठाखाली गेले. नवव्या कॅसेटीपर्यंत वैमानिक रिक हंटर, लिसा, मिनमे, ते दहा-दहा मीटर उंचीचे परग्रहवासी झेंट्राडी, आणि दहावी लावली तर रिकचा पत्ता नाही; कोणी स्कॉट बर्नार्ड मोटारसायकलीचे चिलखत करून अंगावर घालतो आहे आणि भलत्याच परग्रहवासीयांशी लढतो आहे. मी म्हणालो होतो की मधला काही काळ गेला असेल. तू मात्र टीव्हीमागे चित्र स्थिर ठेवणारे व्ही-होल्डचे बटण धरून बसल्या बसल्या म्हणालास की ही दोन निरनिराळी नाटके आहेत आणि कोणीतरी मध्ये गोंद लावला आहे. त्यावरून आपण तीन आठवडे बोललो नाही. त्या तीन आठवड्यांत तुझ्या सायकलची हवा सोडणारा मीच होतो. त्यासाठी बंड्याने मार खाल्ला, हे आजवर माझ्या मनात आहे.

गोंद खरोखरच लावलेला होता, आणि तोही दोन नव्हे तर तीन नाटकांना. जपानमध्ये १९८२ ची ‘मॅक्रॉस’ ३६ भागांची, १९८४ ची ‘सदर्न क्रॉस’ २३ भागांची आणि १९८३ ची ‘मॉस्पिडा’ २५ भागांची. तिघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांना सोमवार ते शुक्रवार असे १३ आठवडे रोज दाखवता येतील इतके, म्हणजे निदान ६५ भाग हवे असत, आणि ‘मॅक्रॉस’ एवढ्या लांबीची नव्हती. म्हणून हार्मनी गोल्ड कंपनीच्या कार्ल मॅसेकने १९८५ मध्ये तिन्ही मालिका एकीपुढे एक मांडल्या, इंग्रजी संवाद नव्याने लिहून त्यांना एकाच कथेच्या तीन पिढ्या केले आणि जोडासाठी जुन्याच चित्रांतून एक भाग रचून ८५ चा आकडा गाठला. शेवटच्या भागात स्कॉट ज्या ॲडमिरल हंटरच्या शोधात निघतो, तो ॲडमिरल मूळ जपानी गोष्टीत नाहीच. आपण ज्याची इतकी वर्षे वाट पाहिली, तो मनुष्य केवळ संवादलेखकाने एका वाक्यात हरवून ठेवला होता.

आणि आपण काय केले? त्या ४१ भागांच्या भगदाडावर २०० पानी वही लिहिली. मॅसेक जे काम पगार घेऊन करत होता, तेच आपण रामबागेत, सातवीची परीक्षा संपल्यावर, त्याचे नावही ठाऊक नसताना करत होतो. विनयने हे सांगितले तेव्हा मी इतका हसलो की सुनीता पाणी घेऊन आली. मग मात्र तुझी आठवण झाली आणि हसणे थांबले.

आता चित्रपटाबद्दल. तो मालिकेच्या अखेरच्या लढाईतच सुरू होतो. जहाजे आणि विमाने संगणकावर घडवलेली, माणसे हाताने काढलेली. चित्रे कोरियातल्या स्टुडिओने केली आहेत. रिकला आवाज २१ वर्षांनी त्याच टोनी ऑलिव्हरने दिला आहे, आणि तो ऐकताच मी पाटावर बसलेल्या मुलासारखा ताठ झालो. पण चेहरा त्याचा वाटला नाही. त्यालाही कारण आहे: ‘मॅक्रॉस’च्या मूळ रेखाचित्रांवर हक्क कोणाचा, हे भांडण जपानी आणि अमेरिकी कंपन्यांत वर्षानुवर्षे चालले होते, त्यामुळे जुने चेहरे जसेच्या तसे नव्या कामात वापरणे अवघड होते. समझोता झाला तो एप्रिल २०२१ मध्ये. त्यामुळे चित्रपटाचा सारा भार तिसऱ्या मालिकेवर आहे, म्हणजे आपण ज्यांना जेमतेम आठ भाग ओळखत होतो त्या लोकांवर. सुमारे दीड तास हे सगळे पाहिल्यावर शेवटी काय होते, तर रिकचे जहाज कृष्णविवराच्या तोंडाशी सापडलेले असते आणि बाकीचे त्याला शोधायला निघतात. संपले! १९८५ मध्ये स्कॉट शोधायला निघाला, २००६ मध्ये पुन्हा सगळे शोधायला निघाले. पुढचा भाग जाहीर झाला होता, तो निघालाच नाही.

ही तऱ्हा नेहमीचीच आहे, हे मला विनयकडून कळले. १९८६ मध्ये एक चित्रपट काढला, तो चालला नाही. मग ‘सेंटिनल्स’ नावाची ६५ भागांची दुसरी मालिका आखली; येनपुढे डॉलर घसरला, खेळणी काढणाऱ्या कंपनीने हात आखडता घेतला, आणि तीनच भागांची चित्रे पुरी झाली, तीच १९८८ मध्ये एकत्र करून विकली. २००० मध्ये संपूर्ण संगणकावर करायचा बेत एका झलकेवरच आटोपला. २०१४ मध्ये चाहत्यांकडून ५ लाख डॉलर गोळा करू पाहिले, तेवढे जमले नाहीत म्हणून मोहीम मध्येच मागे घेतली. आपल्या गणपती मंडळाने तीन वर्षे ‘यंदा नाटक होणार’ म्हणून वर्गणी घेतली होती, त्याची आठवण झाली. फरक इतकाच की यांनी निदान झलक दाखवली.

तू म्हणशील की रिकला मारून टाकले असते तर प्रश्नच मिटला असता. तेही करून पाहिले आहे लोकांनी. ‘यामातो’ या जुन्या जपानी मालिकेचे १९७४ मध्ये कोणी फारसे कौतुक केले नव्हते. तिच्या भागांतून जुळवलेला चित्रपट १९७७ मध्ये तुफान चालला, म्हणून ऑगस्ट १९७८ मध्ये निरोपाचा चित्रपट काढला आणि त्यात जहाज व नायक दोघेही संपवले. लोक चित्रपटगृहात रडले. दोनच महिन्यांनी तीच कथा दूरचित्रवाणीवर मालिका म्हणून सुरू झाली आणि तिचा शेवट बदलून नायकाला जिवंत ठेवले. म्हणजे तुझा शेवट आणि माझा शेवट, दोन्ही त्यांनी एकाच वर्षात विकून दाखवले. १९८३ मध्ये तर पहिल्याच मालिकेत मेलेल्या कप्तानालाही परत आणले. इतका बेशरमपणा मीसुद्धा वहीत केला नव्हता.

हे सगळे लिहितो आहे, पण मुद्दा टाळतो आहे, हे तुझ्या लक्षात आलेच असेल. मुद्दा वहीचा आहे. ती माझ्याकडे आहे. १९९१ मध्ये तुम्ही इंदूर सोडले तेव्हा ती हरवली असे मी तुला सांगितले होते, ते खोटे होते. आणि ती आता गार्गीच्या हाती पडली आहे. तिला ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षासाठी बारा मिनिटांचा चित्रपट करायचा आहे आणि तिने ती वही निवडली आहे. मी तिला हो म्हणून बसलो, तुला न विचारता. अर्धी वही तुझ्या अक्षरात आहे, हे मला हो म्हणतानाही दिसत होते.

मी तिला सांगितले की रिक, लिसा, झेंट्राडी ही सगळी दुसऱ्यांची मालमत्ता आहे, ती वापरता येणार नाही. ती म्हणाली, “बाबा, ते मला नकोच आहेत. मला खानावळ पाहिजे.” जहाजाच्या पोटातल्या शहरात, मिनमेच्या काकांच्या चिनी उपाहारगृहाच्या शेजारी, आपण तुमच्या माईंची खानावळ काढली होती, ती. गार्गीने वाचली तेव्हा मी पुन्हा वाचली, आणि मला प्रथमच दिसले की वहीत जे काही जिवंत आहे ते त्या खानावळीतच आहे. लढाया सगळ्या माझ्या आहेत आणि त्या सगळ्या सारख्याच आहेत. दर चार पानांनी मी शत्रूचे जहाज फोडतो. तुझ्या पानांवर मात्र माई शून्य गुरुत्वाकर्षणात आमटी सांडू नये म्हणून पातेल्याला फडके बांधतात, उधारीची वही ठेवतात, आणि झेंट्राडी हेर जेवायला आला तर त्याला पाहून “आधी हात धू” म्हणतात.

शेवटावरून आपण दुसऱ्यांदा भांडलो होतो. माझे म्हणणे होते की रिकचे जहाज परत येते आणि तो पहिले जेवण माईंच्या खानावळीत करतो. तू म्हणालास, जहाज येत नाही; माई रोज रात्री एक ताट झाकून ठेवतात आणि सकाळी ते गाईला घालतात, बस. मी तुला म्हणालो होतो की अंतराळात गाय कुठून आली, आणि सगळ्यांसमोर तुझी टर उडवली होती. श्रीकांत, माई खरोखर रोज रात्री एक ताट झाकून ठेवीत, हे मी त्यांच्या स्वयंपाकघरात शंभर वेळा पाहिले होते. ते कोणासाठी, हे आईने मला फार पुढे, तुम्ही गेल्यानंतर सांगितले. तोवर मी समजत होतो की ते उशिरा येणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचे ताट असते. वही हरवली असे मी तुला का सांगितले, ते आता तुला कळेल. ती तुला परत देताना त्या पानावर काय बोलावे हे मला सुचले नव्हते.

गार्गीने तुझाच शेवट घेतला आहे. मी तिला एकदाही सुचवले नाही. तिला ताटामागची गोष्ट ठाऊक नाही आणि मी ती तुझ्या परवानगीवाचून सांगणार नाही. तिला वाटते की ही एका बारा वर्षांच्या मुलाची कल्पना आहे, आणि त्या मुलाला भेटायची तिची फार इच्छा आहे. तू नको म्हणालास तर मी चित्रपट थांबवीन. ती महिनाभर माझ्याशी बोलणार नाही, तेवढे मी सोशीन. पण मला विचारशील तर तिने तो करावा असे मला वाटते. विनय गेल्यावर ‘शॅडो क्रॉनिकल्स’ मी पुन्हा एकदा पाहिला, आणि दोन्ही वेळा मला खटकले ते हेच की सगळे शोधायला निघतात, मागे कोण राहिले ते कोणीच दाखवत नाही. तुला ते बाराव्या वर्षी दिसले होते.

तुझ्या घरच्या गोष्टी विचारायच्या राहिल्या. ठाण्याच्या नव्या घरात पाणी नीट येते का? मीनलवहिनींचा गुडघा कसा आहे? अथर्वच्या नोकरीचे कळले, फार आनंद झाला. त्याला पुढच्या वेळी इकडे पाठव, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला घालतो.

आणखी एक. आपल्या त्या मस्कतच्या व्हीसीआरवर अमेरिकेची ५२५ रेषांची कॅसेट चालायची, पण रंगीत टीव्ही असूनही चित्र काळेपांढरेच यायचे, आणि रंगांवरून आपण पैजा लावायचो. विनयने रंगीत दाखवले. रिकच्या विमानावरचे पट्टे लाल आहेत, निळे नाहीत. मॅक्सचे विमान निळे आहे, हिरवे नाही. दोन्ही पैजा तू जिंकलास. रिकचे लिसाशी लग्न होईल ही एकच मी जिंकली होती. हे सांगण्याचे कारण असे की गार्गीला माईंच्या लुगड्याचा रंग हवा आहे. वहीत सगळी चित्रे पेन्सिलीची आहेत, आणि माझ्याकडे त्यांचा जो एकच फोटो आहे तोही काळापांढरा. माझ्या डोळ्यांसमोर ते हिरवे येते, म्हणजे ते नक्कीच हिरवे नसणार. खानावळीत रोज नेसत ते, सणाचे नव्हे. तेवढे कळव.

तुझा,
मुकुंद