कॉटवर राहणाऱ्या पोरांनाही प्रभाग समितीत खुर्ची द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात नवी पेठेत आमचे जुने दोन मजली घर आहे. खाली आम्ही दोघे राहतो, वरच्या खोल्या शिकणाऱ्या, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना देतो. कुणी लातूरचा, कुणी बीडचा, कुणी थेट नंदुरबारहून आलेला. ‘काका, गीझर चालू होत नाहीये’पासून ‘काका, प्रिलिम निघाली’पर्यंत सगळे आमच्या कानावर येते. तरुणांची राहण्याची सोय आणि उद्याने याबाबत महापालिकेने तरुणांचाच सल्ला घ्यावा, अशी मागणी अधूनमधून होत असते. मागणी रास्तच आहे. पण ती आजवर कुठे अडते, हे घरमालक म्हणून मला जरा जवळून दिसते, म्हणून हे पत्र.

सुरुवात मिळकतकरापासून करावी लागेल. मालक स्वतः राहत असलेल्या मिळकतीला पुण्यात करात ४० टक्के सवलत आहे, ती १९७० पासूनची. २०१८ मध्ये राज्य सरकारने ती काढून घेतली, बरीच ओरड झाली आणि २०२३ मध्ये परत मिळाली. ‘घरात आम्ही स्वतःच राहतो’ असे सांगणारा पीटी-३ चा अर्ज घेऊन आमच्या वयाची मंडळी किती धावली, ते पुणेकरांना आठवत असेलच. घर भाड्याने दिले की ही सवलत जाते. मग गल्लोगल्ली काय होते? भाडेकरू असतो, पण कागदावर नसतो. ‘भाच्याचे मित्र आहेत, चार दिवस आलेत.’ हे चार दिवस तीन-तीन वर्षे चालतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधल्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तरी कॉट बेसिसवर, म्हणजे खोली नव्हे तर नुसती एक खाट भाड्याने देताना, करार करतो कोण? एका खोलीत चार कॉट, प्रत्येकाचे डिपॉझिट वेगळे, पावती कुणालाच नाही.

करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून इथल्या मतदारयादीत नाव नाही. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला निदान संस्थेचा दाखला जोडता येतो. कॉटवरच्याला दाखला कोण देणार? त्याचे नाव गावाकडच्या यादीत राहते आणि मतदानाला तो एसटीने गावी जातो. ज्याचे मत आपल्या प्रभागात नाही त्याच्या खोलीत पाणी येते की नाही, हे कुठला नगरसेवक विचारायला येईल? त्यात त्यांना फार दोष देण्यातही अर्थ नाही.

आता कायदा पाहा. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या. आपल्या महापालिका कायद्यात या समित्यांवर स्वयंसेवी आणि वस्ती पातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची सोय आहे. पण अट अशी, की तो माणूस त्याच भागातला नोंदणीकृत मतदार हवा. २००९ मध्ये क्षेत्रसभा, म्हणजे वस्ती पातळीवरच्या मतदारांच्या सभा आल्या, त्याही मतदान केंद्रांवर बेतलेल्या, म्हणजे यादीत नाव असेल तोच सभासद. म्हणजे ज्या पेठांमधली निम्मी वर्दळ बाहेरगावच्या पोरांची, तिथे सल्ला द्यायचा अधिकार आमच्यासारख्या पेन्शनरांना. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासकाच्या हाती असलेल्या महापालिकेत जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने पुन्हा नगरसेवक आले. समित्यांवर प्रतिनिधी नेमताना ही अट जशीच्या तशी राहिली, तर तेच ते चेहरे तिथे दिसतील. आम्ही सूचना काय करतो तेही सांगतो. बाके, ज्येष्ठ नागरिक कट्टा आणि गतिरोधक.

या मुलांना विचारले तर काय सांगतील, याचा एक नमुना देतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये, त्यात निवासाचे २०,०००. म्हणजे महिन्याला सतराशेसुद्धा नाहीत. एवढ्यात पेठेत कॉट मिळवून दाखवावी. शिवाय मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला प्रवेश हवा, नुसती स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याला ती लागू नाही. म्हाडाच्या सोडतीचा तर यांच्याशी संबंधच नाही. ती घर विकत घेणाऱ्यांसाठी, यांना हवी अकरा महिन्यांची, पावती मिळणारी, दारात रात्री साडेदहाला कुलूप न लागणारी जागा. मुलींचे हाल वेगळेच. अभ्यासिका अकराला बंद होते आणि होस्टेलचे दार दहाला, म्हणजे शेवटच्या तासाचा अभ्यास त्यांनी सोडूनच द्यायचा.

माझ्यापुरती एक सूचना करतो. त्यात माझा स्वार्थ आहे, लपवत नाही. जो मालक स्वतः त्याच घरात राहतो आणि वरची खोली नोंदणीकृत करारावर विद्यार्थ्यांना देतो, त्याची ४० टक्के सवलत काढू नये. पालिकेला त्यात थोडा तोटा होईल, पण लपलेले हजारो भाडेकरू कागदावर येतील आणि त्यांना पत्ता मिळेल.

उद्यानांचीही तीच गत. पुण्यात महापालिकेची दोनशेहून अधिक उद्याने आहेत. बहुतेकांची वेळ सकाळी सहा ते दहा-अकरा आणि नंतर चार-साडेचार ते आठ. वेळापत्रक सकाळी फिरणारे आजोबा आणि संध्याकाळी घसरगुंडीवर येणारी नातवंडे यांच्या सोयीचे. अठरा ते पंचवीस वयाचा माणूस त्यात बसतच नाही. खोलीत चौघे, पत्र्याखाली उन्हाळा, अभ्यासिकेतली खुर्ची महिन्याच्या भाड्याने. दुपारी दोन वाजता झाडाखाली बसून चालू घडामोडी वाचायच्या म्हटल्या तर फाटकाला साखळी. मग पोरे फाटकाबाहेरच्या पायरीवर पुस्तक उघडून बसतात, आत गार सावली रिकामी. आतल्या पाटीवर तर काय काय नसते! बारा वर्षांवरील व्यक्तींनी झोक्यावर बसू नये, चेंडू खेळू नये, हिरवळीवर बसू नये, गटाने बसू नये. त्याखाली ओपन जिमची यंत्रे आणि त्यांवर मोठ्या अक्षरात ‘संकल्पना’ कुणाची ते. दुपारी उघडे ठेवले तर ‘युगुले’ बसतील, ही खरी धास्ती. बसू देत की. एका खोलीत चौघे राहणाऱ्यांनी दोन शब्द बोलायचे कुठे, याचे उत्तर त्या पाटीवर नाही.

परदेशात मुलांना गावाच्या कारभारात विचारणे बरेच आधी सुरू झाले. फ्रान्समधल्या शिल्टिगहाइम गावाने १९७९ मध्येच मुलांची नगरपरिषद स्थापली. मला जास्त पटले ते बोस्टन. २०१४ मध्ये त्या शहराने दहा लाख डॉलर बाजूला काढून ते कशावर खर्चायचे हे बारा ते पंचवीस वयाच्या मुलांच्या मतांवर सोडले. मुलांनी जी कामे निवडली त्यांत फ्रँकलिन पार्कमधली खेळाची आणि सहलीची जागा सुधारणे होते, पदपथ होते, आणि स्केटपार्क करता येईल का याचा अभ्यासही होता. मुले म्हणजे काहीतरी अचाट मागतील ही भीती तिथे खोटी ठरली. नुसता सल्ला मागितला असता तर अहवाल कपाटात गेला असता, हातात पैसे दिल्यावर पोरे हिशेबाने वागली.

आपल्याकडेही नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत २००६-०७ पासून आहे. त्यातला एक हिस्सा प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने तरुणांसाठी राखावा, असे मला वाटते. कायद्यातली मतदाराची अट बदलायला विधिमंडळ लागेल, पण आयुक्तांनी आपल्या अधिकारात एक सल्लागार गट नेमायला कुणाची आडकाठी आहे? नेमताना एकच पथ्य पाळावे. शिफारशीने नेमू नये, नाहीतर गणेश मंडळांच्या फ्लेक्सवर झळकणारे ‘युवा नेते’च तिथे येऊन बसतील. कॉलेजे, अभ्यासिका, मेस आणि कामगार वस्त्यांमधून नावे मागवून सोडत काढावी. निम्म्या मुली असाव्यात. गटाने केलेल्या सूचनेला महिनाभरात हो किंवा नाही, कारणासह, लेखी उत्तर मिळावे. ही पोरे मुदत आणि कागद दोन्ही ओळखतात. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली तेव्हा ती शास्त्री रस्त्यावर बसली आणि दुसऱ्याच दिवशी नवी तारीख जाहीर झाली.

पहिला विषय म्हणून दुपारची उद्याने घ्यावीत. खर्च फार नाही, रखवालदाराची एक पाळी वाढेल. पेठांजवळच्या दोन-तीन उद्यानांत उन्हाळ्याचे तीन महिने करून पाहावे.

आणि सूचनांचे अर्ज फक्त क्षेत्रीय कार्यालयात ठेवू नयेत, तिथे ते आम्ही निवृत्तच भरतो. मेसच्या काउंटरवर आणि अभ्यासिकांच्या दारात ठेवावेत, पत्त्याच्या पुराव्याऐवजी कॉलेजचे वा अभ्यासिकेचे ओळखपत्र चालवून घ्यावे. दिवाळीच्या आठवड्यात मात्र मागवू नयेत, तेव्हा सगळी पोरे गावी गेलेली असतात.

आपला,
एक घरमालक, नवी पेठ, पुणे