सायकल ट्रॅक बांधू नका, रविवारची पहाट द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे

विषय : सिंहगड घाट रविवारी पहाटे सायकलींसाठी मोकळा ठेवणे व खडकवासल्याच्या काठच्या मातीच्या वाटा शाबूत राखणे

महोदय,

या पत्रात निधीची मागणी नाही. उलट, खडकवासला-सिंहगड पट्ट्यात सायकल ट्रॅक बांधण्याचा प्रस्ताव घेऊन कुणी आपल्याकडे आलं, तर तो आल्या पावली परत पाठवावा, अशी माझी पहिली विनंती आहे. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, त्याआधीही शहरात ट्रॅक झाले होते. त्यांवर आज काय आहे ते आपण गाडीतून जाता-येता बघतच असाल : लावलेल्या स्कूटर, भेळेच्या गाड्या, मध्येच उगवलेला विजेचा डीपी. धरणाच्या काठी असा ट्रॅक झाला तर पहिल्याच शनिवारी त्यावर मक्याच्या कणसांची शेगडी पेटेल. आणि तो बांधण्यासाठी झाडं पडतील ती वेगळीच.

२०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल स्पर्धा झाली. परदेशी सायकलपटू आपल्या जिल्ह्यात ४३७ किलोमीटर धावले, त्यासाठी कितीतरी रस्ते नव्याने डांबरले गेले. शाळेची पोरं झेंडे घेऊन रस्त्यावर उभी होती, टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. टूर गेली, डांबर राहिलं, त्याबद्दल मनापासून आभार. पण गुळगुळीत रस्ता सायकलला आवडतो त्याहून अधिक मोटारीला आवडतो, हे स्पर्धा संपल्यावर कळलं. स्पर्धेच्या दिवशी वाहतूक थांबवणारे पोलीस होते. आम्हा नेहमीच्या सायकलवाल्यांना डांबरापेक्षा त्या थांबवलेल्या वाहतुकीचा हेवा वाटला.

आता जागेबद्दल. पुणेकर सायकलस्वाराला शहराजवळ पाणी आणि डोंगर एकाच फेरीत देणारा याहून सरस रस्ता नाही. धायरी फाटा, नांदेड, किरकटवाडी हा भाग डोळे मिटून (खरं तर डोळे फार उघडे ठेवून) पार करायचा. मग धरणाची भिंत दिसते. उजवीकडे पाणी, पलीकडे एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) झाडी. चार धरणांच्या साखळीतलं हे सगळ्यात लहान धरण. साखळीची क्षमता २९.१५ टीएमसी, त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीहूनही कमी. पण शहराच्या बहुतेक नळांना पाणी येतं ते इथूनच. डोणजे फाट्यावर निर्णय घ्यायचा. सरळ गेलं की गोऱ्हे, खानापूर, मालखेड करत पानशेत, सगळा रस्ता पाण्याच्या संगतीने. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर लोंढा याच खोऱ्यातून खाली आला आणि खडकवासलाही टिकलं नाही, हे आठवलं की त्या शांत पाण्याकडे बघताना पाय जरा हळू चालतात. खानापूरच्या पुढे ज्यांच्या पायांत खुमखुमी शिल्लक असते ते पाबे घाट चढून राजगड-तोरण्याचं दर्शन घेऊन येतात.

डोणज्याहून डावीकडे वळलं की सिंहगड. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ५८२ मीटरच्या आसपास, गडमाथा १,३०० च्या वर. म्हणजे पाण्यापासून गडापर्यंत सातशे मीटरहून अधिक चढ, आणि त्यातला बहुतेक गोळेवाडीच्या नाक्यानंतरच्या आठ-नऊ किलोमीटरांत कोंबलेला. नाक्यानंतर गप्पा बंद होतात. कोंढणपूर फाट्यापर्यंत माणूस स्वतःची समजूत घालत राहतो, त्यानंतर समजूतही पुरत नाही. दूरदर्शनचा मनोरा जवळ आला असं वाटतं आणि पुढच्या वळणाला तो पुन्हा लांब जातो. मधल्या एका वळणावर खाली सगळा खडकवासला एकदम उलगडतो. तिथे थांबणाऱ्यांपैकी निम्मे दृश्यासाठी थांबतात, निम्मे दम लागला म्हणून. कोण कशासाठी ते कुणी विचारत नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणायची पद्धत आहे. सिंहगड चढलेल्या प्रत्येकाला तेवढ्या वेळापुरतं तसंच वाटतं, मग तो कितवाही आलेला असो.

ही मजा साडेसातपर्यंत. त्यानंतर मोटारी सुरू होतात. चढावर सायकल पायी चालणाऱ्याच्याच वेगाने जाते, डावीकडे कठडा किंवा दरी, उजवीकडून हॉर्न. आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करणाऱ्याला समोरून उतरणारी सायकल दिसत नाही आणि तिचा आवाजही येत नाही. उतरताना ब्रेक दाबून हात भरून येतात; त्यात मध्येच रस्त्यावर गाडी उभी करून सेल्फी काढणारं कुटुंब. माझ्याबरोबर येणाऱ्या दोन मैत्रिणींनी घाट सोडला तो पाय थकले म्हणून नाही, आरशाचा धक्का लागला म्हणून.

तर मागणी अशी. नोव्हेंबर ते मे, दर रविवारी पहाटे साडेपाच ते नऊ, गोळेवाडी नाक्यापासून आणि कोंढणपूरच्या बाजूने गडावर जाणारा रस्ता खासगी मोटारी व दुचाकींना बंद असावा. पावसाळ्यात दरडींची भीती असते, तेव्हा आमचीही मागणी नाही. हे करायला नवा कायदा लागत नाही. वाहनांना रस्ता बंद करण्याचा अधिकार देणारं मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ११५ आहे, आणि पावसाळ्यात वरंधा घाट बंद ठेवण्याचे आदेश आपल्याच कार्यालयातून निघतात. लक्ष्मी रस्त्यासारखा रस्ता ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला वाहनांसाठी बंद करता येतो, मग पहाटेचा एक घाट काय अवघड आहे?

२०२२ च्या मे महिन्यात काय झालं ते आपल्या फायलीत असेलच. खासगी गाड्या खाली थांबवून गडावर ई-बस सोडल्या आणि काही दिवसांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. तेव्हापासून ‘सिंहगडावर असलं काही चालत नाही’ हे वाक्य सगळ्या खात्यांच्या सोयीचं झालं आहे. माझ्या मते गफलत हेतूत नव्हती, आवाक्यात होती. सुट्टीच्या दिवशी येणारी सगळी गर्दी दिवसभर मोजक्या बसमध्ये बसवायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? साडेतीन तासांच्या पहाटेला एकही बस लागत नाही. पायी जाणारे अतकरवाडीच्या वाटेने चढतात, त्यांना या घाटाशी देणंघेणं नाही.

घेरा सिंहगड या गडाच्या गावातल्या लोकांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यांना विचारल्याशिवाय आदेश काढू नये. दूध, दह्याची मडकी, सरपण, गडावर राहणाऱ्यांची ये-जा आणि रुग्णवाहिका यांना पूर्ण सूट हवी. पिठलं-भाकरीची खरी गर्दी दहानंतर होते, त्यामुळे धंद्याला तोटा नाही. उलट घाट चढून आलेला सायकलवाला जेवढी भजी खातो तेवढी मोटारीतून आलेला खात नाही, हे कुठल्याही टपरीवर विचारावं. गडावर जाणाऱ्या गाड्यांकडून उपद्रव शुल्क गोळा करणारी माणसं नाक्यावर असतातच. बंद-चालूचं काम त्यांच्याकडे द्यावं आणि त्याचा वेगळा मोबदला मिळावा.

दुसरी मागणी पाण्याकाठची. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाने गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी) होते आणि तिच्या कडेने बैलगाड्यांच्या, गुरांच्या वाटा तयार होतात. अलीकडे गोऱ्हे-खानापूरकडे, पलीकडे कुडजे, मांडवी, सांगरुणकडे. एमटीबी, म्हणजे मातीच्या वाटांवरची जाड टायरची सायकल, चालवणाऱ्याला याहून अधिक काही नको. पण या वाटा दोन बाजूंनी खाल्ल्या जात आहेत. फार्महाऊसची कुंपणं पाण्याकडे सरकताहेत आणि मोटारी थेट पाण्यापर्यंत उतरून धुतल्या जाताहेत. मागे बाटल्या राहतात त्या आपण पितो त्याच पाण्याच्या काठावर. जलसंपदा खात्याने आपली हद्द दगड रोवून दाखवावी. वाटेच्या तोंडाशी दोन मोठे दगड असे ठेवावेत की बैल, माणूस आणि सायकल जाईल, मोटार अडेल. बैलगाडीला लागेल तिथे साखळी, आणि किल्ली गावातच. फरसबंदी नको, दिवे नकोत, ‘आय लव्ह’ लिहिलेली अक्षरं तर नकोतच.

आम्हीही काही संत नाही. उतारावर वेगाची नशा चढणारे आमच्यात आहेत, सायकलला स्पीकर बांधून जंगलात गाणी वाजवणारेही आहेत. त्यांच्यासाठी नियम करा : पुढे-मागे दिवा, हेल्मेट, उतरताना शर्यत नाही, नऊच्या आत नाक्याबाहेर. आणि गडाच्या पायथ्याचं खोरं, जिथे स्वर्गीय नर्तक बघायला पक्षीनिरीक्षक तास न् तास बसतात, तिथल्या पायवाटा सायकलींना सरसकट बंद करा. यावर माझे काही मित्र चिडतील. चिडू देत.

खाती अनेक आहेत : वन, जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम, ग्रामीण पोलीस आणि हद्द वाढल्यापासून महापालिकाही. प्रत्येकाकडे गेलं की दुसऱ्याचं नाव ऐकायला मिळतं. या सगळ्यांना एका खोलीत बसवू शकणारं पद जिल्ह्यात आपलंच आहे. दिवाळीनंतरचे चार रविवार प्रायोगिक म्हणून जाहीर करा. पाचव्या आठवड्यात घेरा सिंहगडच्या ग्रामस्थांना आणि नाक्यावरच्या माणसांना बोलावून विचारा. ते नको म्हणाले तर बंद करा, आम्ही मोर्चा आणणार नाही. बैठक रविवारी सकाळी मात्र ठेवू नका.

आपली,
सिंहगड रस्त्यावर राहणारी एक सायकलस्वार