जिवंतपणी कामकरी, मृत्यूच्या नोंदीत मात्र 'गृहिणी'

मा. संपादक महोदय,

रोजगार आणि बेरोजगारी मोजणाऱ्या केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या 2023-24 च्या अहवालानुसार त्या वर्षी देशाच्या ग्रामीण भागात बेरोजगारी अवघी 2.5 टक्के होती, आणि 15 वर्षांवरील ग्रामीण स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण, 2017-18 मधील 24.6 टक्क्यांवरून 47.6 टक्क्यांवर गेला होता. हे आकडे खोटे आहेत, असे माझे म्हणणे नाही. वर्षभरात जेमतेम 30 दिवस काम मिळालेल्या व्यक्तीलाही या सर्वेक्षणात रोजगारात धरले जाते, यावर आक्षेप घेता येईल. परंतु घरच्या शेतात एक रुपयाही मजुरी न घेता राबणाऱ्या स्त्रीला त्यात कामकरी मानले जाते, हे योग्यच आहे. मला विचारायचे आहे ते पुढचे: हीच स्त्री मरण पावली की तिचे काम सरकारी दप्तरातून कुठे जाते?

निवृत्तीनंतर गावातील अनेकांना अर्ज आणि दाखल्यांच्या कामी मी मदत करतो. एप्रिलअखेरीस आमच्या शेजारची एक बाई सकाळपासून कांदा काढत होती. दुपारी ती बांधावर कोसळली आणि घरी आणेपर्यंत गेली. अंगाला हात लावलेल्या बायका सांगत होत्या की चटका बसावा इतकी ती तापली होती. डॉक्टरांनी तिला पाहिलेच नाही. मृत्यूच्या नोंदीत मात्र कारण 'हृदयविकार' आणि व्यवसाय 'गृहिणी' असे लागले. घरच्यांनी सांगितले तसे लिहिले गेले, त्यामुळे लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. पण ऊन आणि शेतातले काम, म्हणजे ज्या दोन गोष्टींनी तिचा जीव घेतला, त्या दोन्ही त्या कागदावर नाहीत.

हा एका गावापुरता प्रकार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात आत्महत्या केलेल्या 5,207 शेतकऱ्यांपैकी स्त्रिया केवळ 208 आहेत, आणि 6,083 शेतमजुरांपैकी 611. त्याच अहवालात 25,309 आत्महत्या 'गृहिणीं'च्या नावे आहेत. ग्रामीण भागातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणी शेतीत आहेत, असे श्रमबल सर्वेक्षणच सांगते. मग त्या 25,309 जणींमध्ये शेतात राबणाऱ्या किती होत्या, हे आज कोणीही सांगू शकत नाही. सातबारावर नाव नाही, म्हणून ती शेतकरी नाही, आणि घरच्याच रानात राबते, म्हणून मजूरही नाही, असा हा हिशेब आहे.

मृत्यूच्या कारणांची स्थिती याहून बिकट आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 चा. तरीही 2020 मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ 22.5 टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. घरी होणाऱ्या मृत्यूंची बाजू अर्थातच अधिक लंगडी आहे. सर्पदंशाचेच पाहा. घरोघरी जाऊन केलेल्या चौकशीवर आधारलेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने भारतात वर्षाला सरासरी 58,000 सर्पदंश मृत्यूंचा अंदाज मांडला. सरकारी नोंदींत त्याच्या आसपासही आकडा नव्हता. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले. एकाच हंगामात इतके जीव गेले म्हणून ते राज्याला कळले. एकेकटे मरणारे फवारणीवाले कळतात कसे?

शासनाला माझी विनंती आहे की मृत्यूच्या अहवालातील व्यवसायाचा रकाना श्रमबल सर्वेक्षणाच्याच व्याख्येने भरला जावा, म्हणजे 'नोकरी काय होती' याऐवजी 'गेल्या वर्षभरात कोणते काम केले' असे विचारले जावे. घरी झालेल्या मृत्यूबाबत आशा सेविकेने किंवा आरोग्य सेवकाने काही दिवसांत घरी जाऊन लक्षणांची पद्धतशीर विचारपूस करावी आणि या कामाचा त्यांना स्वतंत्र मोबदला मिळावा, कारण त्यांच्या माथी आधीच पुष्कळ कामे फुकट मारलेली आहेत. कोणत्या कामातील माणसे कशाने मरण पावली, याचा तालुकानिहाय तक्ता दरवर्षी ग्रामसभेपुढे वाचला जावा.

आमच्या शेजारणीची नोंद दुरुस्त करता येईल का, याची चौकशी मी केली. कारण बदलायला डॉक्टरांचा कागद लागतो, असे उत्तर मिळाले आणि तो तर मुळातच नाही. व्यवसाय बदलण्याचा अर्ज मात्र तिच्या मुलाने दिला आहे. त्यात त्याने 'शेतकरी' असे लिहिले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक