‘जर्मनीत मोफत शिक्षण’ या जाहिरातीबाबत तक्रार व शुल्क परताव्याची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेशी शिक्षण सल्ला विभाग, मुख्य कार्यालय, पुणे

विषय: खर्चाची माहिती दडवून घेतलेले ८५,००० रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर आहे. तिला जर्मनीत मास्टर्स करायचं आहे, म्हणून आम्ही आपल्या सोलापूर शाखेत ‘पूर्ण पॅकेज’चे पैसे भरले. ‘जर्मनीत शिक्षण मोफत, फक्त तिकीट काढा’ असं आपल्या पत्रकावर छापलेलं आहे आणि समुपदेशकांनीही तेच सांगितलं. माझे यजमान एसटीत नोकरीला आहेत. या एका वाक्याच्या भरवशावर आम्ही पुढे पाऊल टाकलं.

तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, हे खरं आहे. पण व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याची सोय आधी दाखवावी लागते. त्यासाठी बहुतेक मुलं ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडतात आणि त्यात सध्या ११,९०४ युरो भरतात. म्हणजे बारा लाखांच्या आसपास! तिकडे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो मुलांच्या हातात येतात, पैसे बुडत नाहीत. पण ते एकरकमी उभे करायचे असतात. हा आकडा पत्रकात नाही, करारात नाही, आम्ही पावती घेतली तेव्हाही कुणी उच्चारला नाही. प्रवेशपत्र आल्यावर तो फोनवरून सांगण्यात आला.

सरकारी बँकेत साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागतं. आमचं घर अजून कै. सासऱ्यांच्या नावावर आहे. आधी वारसनोंद, मग उतारा, वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, आणि त्यानंतर मंजुरी. याला महिने जातात. आधी कळलं असतं तर मुलगी एपीएसची (व्हिसाआधी भारतीय पदव्यांची तपासणी करणाऱ्या जर्मन केंद्राची) कागदपत्रं जमवत होती तेव्हाच आम्ही वारसनोंदीचा अर्ज दिला असता. आपल्या माणसांनी मात्र एका खासगी वित्तसंस्थेच्या एजंटाचा नंबर हातात ठेवला. तारण नको, पण व्याज चढं आणि प्रोसेसिंग फी वेगळी. आम्ही नको म्हटल्यावर ‘मग सीट जाईल’ असं ऐकवलं. मुलीच्या वर्षाची धास्ती दाखवून आईबापांना महागड्या कर्जात ढकलणं मला अत्यंत गैर वाटतं.

विद्यापीठांच्या यादीची गोष्ट मला त्याहून जास्त लागली आहे. एक नाव सोडलं तर सगळी खासगी, वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढे फी घेणारी. जाहिरात मोफतची आणि यादी ही! एकमेव सरकारी विद्यापीठ स्टुटगार्टचं होतं, त्यापुढे ‘फी शून्य’ लिहिलेलं. ते बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात येतं आणि तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो घेतले जातात. सल्ल्याचे पैसे घेणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसावं? मुलीने डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः शोधलं, तेव्हा तिच्या विषयाचे, इंग्रजीतून शिकवले जाणारे आणि शिकवणी शुल्क नसलेले अभ्यासक्रम सापडले. त्यांबद्दल विचारल्यावर ‘प्रोफाइल बसत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. अर्जच केला नाही, तर बसत नाही हे कुणी ठरवलं? या खासगी विद्यापीठांकडून आपल्याला प्रवेशामागे कमिशन मिळतं का, हे लेखी कळवावं.

भरलेली पूर्ण रक्कम पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत परत करावी. मुलीच्या मूळ गुणपत्रिका, आणि तिच्या नावाने आपण उघडलेल्या ईमेलचे व युनि-असिस्ट (जर्मन विद्यापीठांचे अर्ज स्वीकारणारी सेवा) खात्याचे पासवर्ड त्याआधीच, ताबडतोब द्यावेत. ती खाती तिची आहेत आणि पुढच्या सत्राचे अर्ज ती स्वतः भरणार आहे. तसंच पत्रकावर ‘मोफत’ या शब्दाशेजारी ११,९०४ युरोचा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा. आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं आजही आपल्या शिबिरांत बसलेली असतील.

मुदतीत उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. तक्रारदार राहतो तिथेच दावा दाखल करण्याची मुभा या कायद्यात आहे.

सोबत पावती, करार व पत्रकाच्या छायाप्रती जोडल्या आहेत.

आपली,
(सही)
विद्यार्थिनीची आई, सोलापूर